दोन पाळ्या

रिगाच्या प्राणिसंग्रहालयात त्या मार्चमध्ये
दोन पाळ्या झाल्या, एकमेकींना न भेटणाऱ्या.
सकाळची झिंत्रा, दुपारचा उल्डिस.
मधे फक्त बादलीखालची चिठ्ठी:
अस्वल ओट खात नाही. गाजरं संपत आलीत.
माणसं नाहीत म्हणून ओरांगउटान
दिवसभर काचेला चिकटून असतो,
डबा तिथंच खात जा.

ती तिथंच खायची. राईचा पाव, उकडलेलं अंडं.
तो तिचे घास मोजत बसे,
तिकीट काढून आल्यासारखा.

गुरुवारी उल्डिस शाळेचा तास घ्यायचा,
झाडूच्या दांड्याला फोन बांधून,
करड्या पोपटाच्या पिंजऱ्यापाशी.
नेट जायचं. पडद्यावर पोरं गोठायची.
खोकून विचारायचा, "आवाज येतोय का?"
पुन्हा, "येतोय का आवाज?"

नोव्हेंबरात चिठ्ठीवरचं अक्षर बदललं.
कुणी काही बोललं नाही.
गाजरं वेळेवर आली.

जूनमध्ये फाटक उघडलं.
पिवळ्या खुणांवर पाय ठेवत पोरं आली,
पिंजऱ्यापाशी थबकली.
आतून आधी खोकला,
मग, "आवाज येतोय का?"

पोरं मागं वळून बघू लागली, कोण म्हणून.
झिंत्रानं बादली खाली ठेवली.
"येतोय," म्हणाली. "बोल."