गोल दाणा

केटरिंगच्या आमच्या मागच्या अंगणात
दोरीनं सहा बाय चारची जागा आखली
आणि कुदळ मारली. वीतभर गवत,
खाली चिवट पिवळी चिकणमाती,
फावड्याला अशी बिलगली
जशी शाल्वी मला, नर्सरीच्या दारात.

दीड दिवस खणलं.
चिनीमातीचा निळा तुकडा निघाला,
एक गंजकी बिजागरी,
आणि काचेची हिरवी गोटी, आत पीळ असलेली.
कुंपणापलीकडून मॉरीन म्हणाली,
"ती आमच्या कीथची असणार."
कीथ आता बावन्न वर्षांचा, लीड्सला बस चालवतो.
गोटी धुऊन मी कुंपणाच्या फळीवर ठेवली.
तिनं ती लगेच उचलली नाही.

तळाशी खडी, खडीवर काळं जाळीदार कापड,
चारी बाजूंना फळ्या, कोपरे घासून घासून गोल.
पाणसळ लावली तर बुडबुडा
जरासा डावीकडेच राहिला.
राहू दे म्हटलं, इथं कुणाला मजला चढवायचाय?

दुकानात वाळू दोन तऱ्हेची.
एक बांधकामाची, नारिंगी, स्वस्त,
आठवडाभर गुडघे रंगवणारी.
दुसरी खेळायची, पोत्यावर हसरी बादली छापलेली.
पार्किंगमध्ये डिकी उघडून
मी एका पोत्याचा कोपरा फोडला,
मूठ भरली, दाबली, सोडून दिली
आणि तळहात पाहिला. स्वच्छ.
शेजारच्या गाडीतला माणूस बघत होता.
बघू दे.

बाबा असंच करायचे. ट्रक आला की आधी मूठ.
तळव्यावर गाळ राहिला
तर ड्रायव्हरला चहा पाजून
ट्रक भरल्या अंगानं परत, वैनगंगेकडे.

भंडाऱ्याला वाळू घरांसाठी यायची,
दुसऱ्यांच्या घरांसाठी.
बाबा मुकादम, म्हणून ढिगावर आमचा हक्क
असं आम्ही ठरवलेलं. त्यांनी नव्हे.
शिंपले वेचायचो, पाय पुरून खोपे करायचो,
"उतरा खाली, विसकटतेय!" ऐकू येईपर्यंत.
अंधार पडताना ते फावड्यानं ढीग पुन्हा गोळा करत,
खोप्यांसकट.
माल कमी भरला तर पगारातून जायचा,
हे मला फार उशिरा कळलं.

इथं घर आयतं मिळालं, पंचवीस वर्षांच्या हप्त्यांवर.
वाळू तेवढी आणायची राहिली होती.
चौतीस पोती, गाडीच्या तीन फेऱ्या, एक कंबर.

नीरदनं पहिली मूठ खाल्ली.
शाल्वीनं बादली भरून उपडी केली,
बुरूज उभा राहण्याआधीच बसला.
"आई, ही मोडकी वाळू आहे. बदलून आण."
मॉरीनचं मांजर येऊन कोपऱ्यात उकरून बघून गेलं,
म्हणजे आता झाकणही करणं आलं.

रविवारी बाबांना फोनवर दाखवलं सगळं,
फळ्या, कोपरे, तिरका बुडबुडा सोडून.
त्यांनी चष्मा लावला.
"गोल दाणा आहे. पकड नाही.
ह्यानं भिंत उभी राहायची नाही."
"भिंत नाही बांधायची, बाबा."
"मग?"
"खेळायला आणलीय."
"विकत?"
थोडा वेळ पडद्यावर नुसता त्यांचा पंखा फिरला.

मग म्हणाले, जवळ धर.
अजून जवळ.
मी मूठ कॅमेऱ्यापाशी नेली,
दाणे काचेवर सांडले,
आणि तिकडे त्यांचा अंगठा
तर्जनीवर हळूहळू घासत राहिला,
मध्ये काहीच नसताना.

"पाणी मार थोडं," ते म्हणाले.
"आणि त्या पोरीला सांग,
बादली उपडी करायच्या आधी
वरून दोन थापा द्यायच्या.
घाई करते ती. तूही करायचीस."