नववी ब

खडकीच्या शाळेत भूमिती शिकवायचे मुरकुटे सर.
सुतळीला खडू बांधून वर्तुळ काढत,
आमच्या कंपासपेक्षा गोल.

पावणेपाचला मनगटाकडे बघत.
आम्ही मागच्या बाकावर खुसखुसायचो:
सरांना घरची घाई.

होतीच.
बोपोडीच्या चाळीत इंदूताई
खिडकीशी बसून सायकलची घंटा ओळखायच्या.
नजर अधू झाल्यापासून
पेपर सरच वाचून दाखवत,
अगदी निविदांसकट.

काल तेराव्याला गेलो.
त्यांची धाकटी, वृंदा, म्हणाली,
बाबा कुठलाच पाठकोरा कागद टाकत नसत,
आणि बिस्किटांचा डबा पुढे सरकवला.

त्यात माझी उत्तरपत्रिका. सहामाही.
लाजेनं न्यायलाच गेलो नव्हतो.
शंभरात अकरा,
आणि लाल शाईत:
रीत बरोबर. घाई नडली.

मागे पेन्सिलीनं, त्याच अक्षरात:
दोडका पावशेर
इंदूचे थेंब
सायकलचा वॉल्व्ह (पुढच्या महिन्यात)
वृंदाला हिरवी रिबीन, गडद नको.

काय बोलावं सुचेना.
विचारलं, मिळाली होती का रिबीन?

"पोपटी मिळाली," ती म्हणाली,
"रडून घर डोक्यावर घेतलं होतं मी.
परत गेले बिचारे, लक्ष्मी रोडपर्यंत,
सायकल हातात धरून."