बाटल्या

मी मीटर वाचतो.
सिडकोतली पाचवी आणि सहावी स्कीम माझ्याकडे.
महिन्यातून एकदा प्रत्येक दार,
दारातलं कुत्रं, दारातली तक्रार.

मार्चात काही नव्हतं.
एप्रिलात पवननगरच्या मागच्या गल्लीत
खैरनारांच्या पायरीवर एक बाटली दिसली,
लिटरची, लेबल सोललेली, आत गुलाबी पाणी.
मी आकडा घेतला, पुढे गेलो.

मे महिन्यात त्याच गल्लीत अकरा.
गुलाबी नव्हत्या आता, लालभडक होत्या.
"कुत्री फिरकत नाहीत म्हणे," इस्त्रीवाला बब्बू म्हणाला.
म्हणे.
ना घर ना नाव या शब्दाला,
तरी कुठल्याही दारात त्याला पाणी विचारतात.

जूनमध्ये उत्तमनगर. जुलैत त्रिमूर्ती चौक ओलांडला.
किराणा दुकानातला लाल रंग संपला
म्हणून निळा आला,
आणि ऑगस्टात एका बाईंनी मला ठणकावलं,
निळाच लागतो, लालाला कुत्री सरावली.

तिसऱ्या गल्लीत एक तांबडी कुत्री
बाटलीला पाठ टेकून पिलांना पाजत होती.
"ही आमचीच आहे," घरवाले म्हणाले,
"हिला नाही लागू पडत."

मी वहीच्या मागच्या पानावर मांडायला लागलो:
मागचं रीडिंग, चालू रीडिंग, फरक.

बच्छाव सर, निवृत्त, भौतिकशास्त्र,
मंडळाच्या फळ्यावर खडूनं लिहून आले:
यास कोणताही आधार नाही.
खाली कुणीतरी विचारलं,
सर, मग अर्ध्या लिटरची चालेल का?
सप्टेंबरात त्यांच्या फाटकाशी दोन उभ्या.
मी बघितलं तसे सर चष्मा पुसत म्हणाले,
"सगळ्यांनी हाकललेली कुत्री
माझ्याच दारी येऊन बसायची ना."
हे मात्र मला खोडता आलं नाही.

दिवाळीच्या रीडिंगला
वत्सला खैरनारांनी चकली पुढे केली
आणि मी विचारलंच. पहिली तुमची. का ठेवली?
त्या हसायलाच लागल्या.
"आमचा प्रणील रंगपंचमीला मामाकडं गेला होता,
शनी चौकातल्या रहाडीत उडी मारून आला,
येताना तोच रंग बाटलीत भरून आणला.
मी म्हटलं, फरशी नवी आहे, घरात आणायचं नाही.
राहिली पायरीवर."

आणि कुत्री?
"त्याच आठवड्यात महापालिकेची गाडी आली होती.
नसबंदीला नेली, पंधरा दिवसांनी आणून सोडली."

पंधरा दिवस गल्ली गप्प होती,
तेवढे पंधरा दिवस सगळ्यांच्या लक्षात राहिले.

मी जायला वळलो तर त्या म्हणाल्या,
"दुसरी ठेवली समोरच्या देवऱ्यांनी.
त्यांना तुम्हीच सांगितलंत ना, भाऊ?"

मी?

मग आठवलं. देवरे बिलावरून भांडत होते,
विषय बदलायचा म्हणून मी म्हणालो होतो,
ते बघा, खैरनारांनी काय ठेवलंय. असेल काहीतरी.
आणि पुढे प्रत्येक गल्लीत, कुणी विचारलं की,
हो, पलीकडं पण ठेवल्यात.
एक अक्षर खोटं बोललो नाही.
वही काखेत, चपला झिजवत,
दारोदार मी नुसता आकडे घेत नव्हतो.

त्या दिवशी घरी मखमलाबादला पोचलो
तर आमच्या ओट्यावर हिरवी.
"शेजारच्या विचारत होत्या,
तुमच्याकडं नाही का अजून," बायको म्हणाली.
सहावी स्कीम कुठे, मखमलाबाद कुठे,
मध्ये अख्खी गंगा वाहते.

मी तिला रहाडीचं सांगितलं, गाडीचं सांगितलं.
तिनं सगळं ऐकून घेतलं, भाकरी उलटली.
"असू दे की. काय खायला मागते का?"

ऊन बाटलीतून आरपार आलं होतं,
फरशीवर हिरवा डाग हलत होता.
कोपऱ्यावरचं लंगडं कुत्रं आलं,
डाग हुंगला,
आणि त्यावरच अंग टाकून दिलं.
मी बाटली जरा बाजूला सरकवली,
त्याला पाय पसरता यावेत म्हणून.