कडी

टाऊन हॉलच्या बागेत विचारलं,
मग पन्हाळ्याला, मग नव्या राजवाड्याच्या फाटकावर:
चिलखत आहे का?
सगळे तलवारींकडे हात करतात.
तलवारी ढिगानं आहेत.

आम्ही शिकलगार.
आजा धार लावायचा, मी उद्यमनगरात लेथवर.
रविवार माझे असे जातात.

शेवटी एका ठिकाणी सापडलं,
जिन्याखालच्या कपाटात.
चिठ्ठीवर: लोखंड. काळ अज्ञात.
खांदे इतके अरुंद
की मिसरूड फुटलेल्या पोराचे असावेत.

काचेला नाक टेकवून कड्या मोजत गेलो.
प्रत्येक कडीला रिवेट, बाजरीच्या दाण्याएवढा.
डाव्या काखेखाली मात्र
वीतभर पट्टी वेगळी.
तार जाड. रिवेट घाईचे.
एक कडी तर नुसतीच वाकवून सोडलेली.

तिथनं काय आत शिरलं,
चिठ्ठीत नाही.
आत कोण होता, तेही नाही.
पण रातोरात ज्यानं ते सांधलं
त्याचा अंगठा मला ओळखू आला.

"एवढं काय बघायलाय?" पहारेकरी इठूमामा.
"काम."
"बंद करायचं हाय आता."

उद्या सकाळी लेथ सुरू होईल,
बुशिंगं पडत राहतील ट्रेमध्ये,
आणि ती न जुळलेली कडी
माझ्या बोटांत.