चावी

साडेचार फूट लोखंड माझ्या खांद्यावर,
खालच्या टोकाला चौकोनी खोबण.
पहाटे पाचला बेलापूरच्या रस्त्यावर
झाकण उचलतो, चावी बसवतो,
तेवीस आटे डावीकडे.
मग अंधारात एकेका सोसायटीची टाकी घसा खाकरते.

यंदा मार्चपासून चौदाच आटे.
धरण आटलं असं ऑफिसात कोणी म्हणत नाही,
नियोजन म्हणतात.
चौदा आट्यांत उताराच्या सोसायट्या भरतात,
टेकडीकडच्या हवा पितात.
मीटर हवेवरही फिरतो.
नाडकर्णी बाई गॅलरीतून बघत असतात,
शिव्या देत नाहीत.
दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याच वेळी तिकडे दिवाळ्यात
माझी चांगुणा आत्या ओहोटीच्या खाडीत उतरलेली असते,
मांडीभर चिखलात, कमरेला टोपली.
तिला घड्याळ लागत नाही.
तिथी सांगा, ती पेरांवर मोजून
उधाण कधी, भांग कधी, सांगते.
पन्नास वर्षं चुकली नाही.
अजूनही पाणी तिच्या वेळेलाच येतं,
फक्त थांबायच्या जागी थांबत नाही.

परवा शिवल्या दाखवल्या तिने. सतरा.
त्यातल्या नऊ उघड्या, आत गाळ.
चिखल कोमट लागतो, म्हणाली,
ताप भरलेल्या पोराच्या पोटासारखा.

आणि तो जवला.
दिवाळी होऊन तीन आठवडे झालेले,
छत्र्या माळ्यावर गेलेल्या,
तिने जेट्टीजवळच्या ओट्यावर वीस किलो पसरलेला.
बारा मिनिटं पाऊस.
बारा मिनिटांत काय होतं, असं मीच म्हणालो होतो.
दुसऱ्या दिवशी जवल्याचा रंग उतरला,
तिसऱ्या दिवशी वास सुटला,
चौथ्या दिवशी कोंबडीखाद्यवाला
सात रुपये किलोने भरून घेऊन गेला.
आत्याने नोटा मोजल्या नाहीत, कनवटीला खोचल्या.
त्या वर्षी आमच्या घरी
जवल्याची चटणी पाहुणा आला तरच.

मग वैशाखातली अमावस्या.
पाऊस नाही, वारा नाही,
रात्री साडेबाराला गल्लीत खाडी.
गटारातून उलटी वर आली, काही न बोलता,
चपला उचलल्या, स्कूटरची चाकं चाचपली,
गोमा नाखव्याच्या दारातली रांगोळी
पुसली नाही, नुसती सरकवली.
आमच्या घरात दोन दिवस नळाला थेंब नव्हता.
विकत आणलेला वीस लिटरचा जार
गुडघाभर पाण्यात डुलत होता,
आणि पोरं त्याला धरून हसत होती.

आत्या वरच्या पायरीवर पाय पोटाशी घेऊन बसलेली.
मला म्हणाली,
"तू पान्याचा मानूस ना रं?
मंग सांग मना,
ह्याची चावी कंच्या सेक्टरात हाय?"

मी हसलो.
ती उत्तराची वाट बघत होती.

पाणी उतरेपर्यंत चार वाजले.
भिंतीवर एक ओली रेघ,
मागच्या वर्षीच्या रेघेच्या वर चार बोटं.
आत्याने हात लावून मोजली
आणि केरसुणी घेतली.

पाचला मी रस्त्यावर होतो, ओल्या पँटीत.
चावीच्या दांड्यावर मीठ धरलेलं, हाताला खरखरलं.
बारा, तेरा, चौदा.
हात तिथेच राहिला.
इथे पंधरावा दिला
की गावाच्या लाइनीतला दाब उतरतो,
कोणत्या घरी उतरतो तेही मला ठाऊक आहे.
वर गॅलरीत दिवा लागला.
नाडकर्णी बाई बाहेर आल्या,
हातात रिकामी बादली,
आणि एवढ्या लांबून
मला पहिल्यांदाच त्यांनी विचारलं,
"चहा घेणार का?"