हातचा एक

हार्टफर्डला, विमा कंपनीच्या तळघरात
मी वर्षभर दोनाचे चार करत होतो.
लग्नातले नव्हेत, सालातले:
जिथे ६४, तिथे १९६४.
कोबॉलच्या बारा लाख ओळी
आणि खिडकी एकही नाही.

शेजारी लॉरेन कोवाल्चिक,
निवृत्तीतून तिप्पट पगारावर परत आणलेली.
"ही दोन घरं मीच वाचवली," म्हणाली,
"अडुसष्ट साली. कार्डावर घरं ऐंशीच,
आणि आम्हा पोलिश लोकांची आडनावं ही अशी."
तिला वाटलेलं, दहा वर्षं चाललं तरी डोक्यावरून पाणी.

संध्याकाळी खोलीवर नाडगौडा,
लाल पेन्सिलीने वर चढवलेला तक्ता घेऊन.
"जग बुडेल की नाही ते सोड.
घाबरलेल्यांना होड्या कोण विकतंय, ते बघ."
मेरिडेल सिस्टिम्स, सव्वाएक्केचाळीस.
तिथला बाजार तेव्हा अजून पावकी-निमकीत बोलायचा;
मला वाटलं, हे तर आपल्या घरचं गणित.
तीनशे घेतले,
ग्रीन कार्डाच्या वकिलासाठी ठेवलेल्या पैशांतून.

मग ते विचित्र सुरू झालं.
दिवसा मी एक चूक दुरुस्त करायचो,
दुसऱ्या दिवशी भाव अर्ध्याने उतरलेला,
जणू माझ्याच बोटांतून गळत होता.

ऑगस्टात एक नोंद सापडली, सगळ्यांच्या नजरेतून सुटलेली:
एडिथ पॅरिश, जन्मसाल ००.
नव्व्याण्णव वर्षांची, दरमहा चेक घेणारी.
एक जानेवारीला तिचं वय शून्य होणार होतं
आणि चेक बंद.
मी खुर्चीत मागे रेललो.
खरं सांगतो, दोन मिनिटं
मी एडिथचा नव्हतो, मेरिडेलचा होतो.

लॉरेनने चष्म्यावरून पाहिलं.
बोलली काही नाही. कॉफी ठेवून गेली.
मी शून्यांच्या आधी १९ टाकलं.

एकतीस डिसेंबरची रात्र तळघरातच काढली.
बाराच्या ठोक्याला लिफ्टसुद्धा अडकली नाही.
सोमवारी मेरिडेल पावणेसात.
नाडगौडा मलाच म्हणाला,
"हातचं सोडून पळत्याच्या पाठी!"

एडिथचा चेक पाच तारखेला निघाला.
मी त्या दुपारी रद्दी कागदावर
दुसरीतल्यासारखं मांडून बघत होतो:
नव्व्याण्णव अधिक एक.
खाली शून्य, शून्य.
हातचा एक.
तो कुठल्या घरात ठेवायचा,
लॉरेनला विचारायचं राहून गेलं.