होळकर पुलाखाली

झुंबरबाईंचा लोहचुंबक
कुठल्याशा लग्नात फाटलेल्या स्पीकरमधला.
नायलॉनची दोरी, तिला सात गाठी.
होळकर पुलाखाली, गुडघाभर पाण्यात
त्या तो फेकतात, ओढतात, फेकतात.

मी सिव्हिलमधून डबा परत नेत होतो.
रिकामा नव्हता; नानांनी दोनच घास खाल्ले होते.
पायरीवर बसलो, उगाच.

खिळा निघाला. हेअरपिन. कुणाच्या तरी कुलपाची किल्ली.
मग दोन रुपये.
"एवढ्याचं काय मागितलं असंल कुणी?"
म्हणत त्यांनी पदराला पुसले.

"जुनं नाणं चिकटत न्हाई याला.
त्याला वाकावंच लागतं."
आणि वाकल्या,
खांद्यापर्यंत हात गाळात,
तोंड वर, डोळे मिटलेले,
पाण्याखाली कुणाची नाडी बघावी तशा.

वर आलं ते सोड्याच्या बाटलीचं झाकण.
हसल्या. पुन्हा वाकल्या.

डबा उघडला. अर्धी पोळी त्यांना दिली,
अर्धी मी खाल्ली.

तीन महिने कोरी असलेली माझी वही
अजून कोरीच आहे.
पण संध्याकाळी नानांच्या उशाशी
वरणभात कालवला पुन्हा.
एक घास.
थांबलो.
अजून एक.